अंतराळाचा पिक्चर लावायचाय? आधी पब्लिक कुठं उठतं ते बघा

जिंतूरकडच्या एका सरांनी विचारलंय. कॉलेजात २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन करायचाय (२०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तो दिवस), त्या निमित्तानं हॉलमध्ये 'इंटरस्टेलर' दाखवायचं डोक्यात आहे, पोरं असतील आणि गावातले पालक पण येतील. पण सर स्वतः संभाजीनगरला हा पिक्चर बघायला गेले तेव्हा शेजारचा माणूस डोळे पुसायलता, मागच्या लायनीतली पोरं हसायलती आणि सोबत नेलेले मामा चक्क घोरायलते. तर सरांचं म्हणणं, हा पिक्चर आपल्याकडच्या पब्लिकला झेपेल का, का अर्धा हॉल मधनंच उठून जाईल?

सर, झेपतो. पण कुठं झेपतो आणि कुठं माणूस उठतो हे जरा सविस्तर सांगावं लागेल, वेळ काढून वाचा.

मी काही समीक्षक नाही, ऑपरेटर आहे. माळेगावच्या जत्रेत तंबू टॉकीजची रिळं उचलत मोठा झालो, मग शहरात एका सिंगल स्क्रीनला केबिनमध्ये आणि आता मल्टिप्लेक्सला. केबिनच्या भिंतीला एक काच असते, लोकांना वाटतं हे तिच्यातनं फुकटात पिक्चर बघतात. पडदा आम्ही बघतो ते फोकस आणि फ्रेम नीट आहे का एवढ्यापुरता, बाकी वेळ दिसतात ती डोकी. कोणतं डोकं कधी कलंडलं, कुठं मोबाईल पेटला, कोणत्या सीनला दार उघडून उजेडाची पट्टी आत आली. पिक्चर कळला का नाही हे मला कोणाला विचारायची गरज पडत नाही.

हा पिक्चर मी दोन खेपेला चालवलाय, एकदा नोव्हेंबर २०१४ मध्ये नवाकोरा होता तेव्हा आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी २०२५ मध्ये परत लागला तेव्हा. पिक्चर तोच, १६९ मिनिटांचा, एक फ्रेम इकडची तिकडं नाही. पब्लिक मात्र दोन वेगळ्या गावची असल्यासारखी.

आधी २०१४ चं सांगतो. मंगळयान सप्टेंबरात मंगळाला पोचलेलं, त्यामुळं अंतराळाचं वारं होतंच, पहिल्या दिवशी बरी गर्दी आली. आता तो सीन आठवा, डॉक्टर मान नावाचा माणूस आपलं यान मोठ्या यानाला जोडायला जातो, नीट जोडलं गेलेलं नसताना दार उघडतो आणि स्फोट होतो. स्फोट बाहेरून दाखवलाय, बाहेर हवाच नाही म्हणून आवाज पण नाही, ठार शांतता. पिक्चरवाल्यानं अगदी बरोबर केलंय. पण आपल्याकडच्या थेटरात अचानक आवाज गेला की त्याचा एकच अर्थ, मशीन बिघडलं. लगेच खालून शिट्ट्या, "ए ऽऽ आवाज", "झोपला का रं वरचा". आणि खरं सांगतो, मी पण फसलो. पूर्ण पिक्चर काही मी आधी बघितला नव्हता, हात आपोआप फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटनावर गेला, दोन पॉइंट वर सरकवला, आणि तेवढ्यात तो ऑर्गन सुरू झाला. संगीतकार हॅन्स झिमरनं लंडनच्या टेम्पल चर्चमधला खराखुरा पाईप ऑर्गन वाजवून घेतलाय ह्या पिक्चरसाठी, त्याचा बास छातीत बसतो. फॉल्स सीलिंगची एक पट्टी थरथरायला लागली, पहिल्या लायनीतल्या दोघांनी कानावर हात ठेवले, मॅनेजर जिन्यातनं पळत वर यायला लागला, आणि पडद्यावर ते मोठं यान गरगर फिरायलंय आणि हिरो म्हणतोय मी पण तेवढ्याच वेगानं फिरून जोडतो. मी फेडरवरचा हात काढून घेतला, म्हटलं जे व्हायचं ते होऊ द्या. यान जोडलं गेलं तेव्हा जी शिट्टी पडली ना, तसली मी तोवर फक्त हिरोच्या एन्ट्रीला ऐकली होती. इंग्रजी पिक्चर, बरीचशी पब्लिक डायलॉग न कळणारी, आणि तरी टाळ्या.

ह्यातनं मला एक कळलं ते सांगतो. बाहेर पडताना लोक "कळला नाही राव" म्हणतात ना, त्यातल्या निम्म्या लोकांना खरं तर "ऐकू आला नाही" म्हणायचं असतं. डॉल्बीच्या प्रोसेसरवर फेडर ७ ला ठेवला की मिक्सिंग करणाऱ्यानं जसं ऐकलं तसं हॉलमध्ये ऐकू येतं. पण ७ वर चालवतं कोण? जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात, लोक तक्रार करतात, मॅनेजर फेडर पाचावर आणून ठेवतो आणि पुढं पिक्चर पण पाचावरच चालतो. साध्या पिक्चरला खपून जातं. ह्या पिक्चरमध्ये म्युझिक डायलॉगच्या डोक्यावर बसलंय, हिरो पुटपुटतो आणि खालून ऑर्गन, त्यात तुम्ही आवाज उतरवला की पुटपुटणं पहिलं बुडतं. तिकडं अमेरिकेत पण लोकांनी ह्याच्यावरून ओरड केली होती, आणि दिग्दर्शक नोलन म्हणाला की आम्ही मुद्दाम तसं केलंय. असेल बाबा मुद्दाम. पण ज्याची भाषाच दुसरी आहे त्याच्यावर हा डबल मार आहे, आणि हा माझा त्याच्यावरचा राग आहे, पिक्चर कितीही आवडला तरी.

आता आपल्याकडच्या पब्लिकला काय कळतं ते सांगतो, कारण "झेपेल का" ह्या प्रश्नात मला ती जुनी समजूत दिसली की गावाकडच्या माणसाला हे अवघड जाईल. सर, पहिला पाऊण तास मराठवाड्यातल्या माणसाइतका तिकडच्या पुण्या-मुंबईच्या माणसाला कळतच नाही! त्यात यान नाहीच, शेती आहे. पिकांवर रोग पडत चाललाय, गहू गेला, आता फक्त मका राहिली, धूळ इतकी की जेवायची ताटं टेबलावर उपडी घालून ठेवतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडं गारपिटीनं रब्बी झोपवली होती आणि मग पावसानं दडी मारली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हे लोक येऊन बसलेले. एक पात्र म्हणतं की हे भेंडीचं शेवटचं पीक, ह्याच्यापुढं भेंडी नाही. हॉस्टेलची पोरं खिदळली, एक जण ओरडला "बरं झालं, मेसमधनं सुटलो!" पण कडेला धोतरातले दोघं बसलेले, पोराला भेटायला आलेले असावेत, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "लाल्याच पडला म्हन की." कापसावरचा लाल्या रोग. तिकडच्या ब्लाइटचं, म्हणजे पिकांवरच्या त्या रोगाचं, ह्याच्याहून चांगलं भाषांतर मला तरी सुचत नाही. पुढं २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा मला तो म्हातारा आठवला होता.

आणि शाळेतला सीन. हेडमास्तर बापाला सांगतो की तुमचं पोरगं शेतकरी होईल, कॉलेजला काही जात नाही. त्या सीनला सगळा हॉल गप्प होता. आपल्याकडं बाप पोराला शेतातनं बाहेर काढायला जिवाचं रान करतो. ते काही समजावून सांगावं लागत नाही. हां, आणि मक्याच्या शेतातनं ज्याच्यामागं गाडी घालतात ते ड्रोन भारतीय वायुसेनेचं असतं, तिथं "इंडियन" शब्द कानावर पडला की शिट्टी ठरलेली, २०१४ ला पण आणि २०२५ ला पण. ते सोडा.

मामा घोरले ते नंतर, हिरो पोरांना मागं ठेवून माणसांसाठी दुसरा ग्रह शोधायला निघतो, ते यान उडाल्यावर. मला जागा पण सांगता येईल, शनीकडं जाताना आत बसून बोलणं चालतं तिथं. एसी चालू, अंधार, पोट भरलेलं, अन चार माणसं हळू आवाजात इंग्रजीत बोलायलेत. तिथं प्रत्येक शोला चार-पाच डोकी कलंडतात, मामांचा काही दोष नाही. जिथं डोंगराएवढी लाट येते त्या ग्रहावर परत सगळे जागे होतात.

त्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं. जवळच्या कृष्णविवराच्या ओढीनं काळ तिथं मंद होतो. हे गणित नोलननं स्वतःच्या मनानं केलेलं नाही, किप थॉर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं करून दिलंय आणि इतका फरक पडायला ते कृष्णविवर जवळजवळ निसर्गाच्या मर्यादेपर्यंत वेगानं फिरत असलं पाहिजे असं त्याचं उत्तर आलं. पण पब्लिकला गणित लागत नाही. ऐंशीच्या घरातल्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या, त्या बाहेर पडताना म्हणाल्या, "अरे ही तर रेवतीच्या बापाची गोष्ट." कीर्तनात ऐकलेली. राजा ककुद्मी पोरीला घेऊन ब्रह्मदेवाकडं स्थळ विचारायला गेला, तिथं गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला, आणि गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाला, बाबा रे, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, तू मनात धरलेली स्थळं, त्यांची नातवंडं, कोणीच राहिलं नाही. मग ती रेवती बलरामाला दिली. आता ह्याच्यावरनं पुराणात सगळं सायन्स होतं असला वाद मला घालायचा नाही, ती भानगडच नको. मुद्दा एवढाच की वर गेलेल्याचा वेळ आणि खाली राहिलेल्यांचा वेळ सारखा नसतो ही कल्पना आपल्या आजीला नवी नाही, त्यामुळं तुम्ही सुरुवातीला बोलणार असाल तर फळ्यावर समीकरण लिहू नका, रेवतीची गोष्ट सांगा. आणि पोरांना सांगायचं असेल तर जयंत नारळीकरांचं सांगा, त्यांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली होती आणि तिचं नावच 'कृष्णविवर' होतं. पहिलं बक्षीस मिळालं तिला.

आता तुमच्या शेजारचा माणूस कुठं रडला ते सांगतो, मला खात्री आहे. हिरो त्या ग्रहावरून परत यानात येतो, तिकडं २३ वर्षं गेलीत, आणि तो पोरांनी पाठवलेले व्हिडिओ बघायला बसतो. पोराचं लग्न झालं, नातू झाला, नातू गेला पण. तो नुसता बघत बसतो. ह्या सीनला फिजिक्स नाही की भाषा नाही, एका माणसाचा चेहरा आहे फक्त.

२०२५ ला आमच्याकडं दारावर एक पोरगा होता, बीड जिल्ह्यातला, तिकीट फाडून आत सोडायचा. प्रत्येक शोला ह्याच सीनच्या वेळेला तो आत येऊन भिंतीला टेकून उभा राहायचा, वीस मिनिटं, मग बाहेर. मला वाटलं एसीला येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी विचारलं, कामून रं रोज? तर म्हणाला, "साहेब, ह्याला कळलंच नाही ना पोरं कधी मोठी झाली. आमच्या बापाचं असंच. दिवाळी झाली की माय-बाप कोयत्यावर जायचे, पाडव्याला यायचे. आजी मला भिताडाला उभा करून कोळशानं रेघ मारायची, बाप आला की दाखवायची, बघ एवढा वाढला." त्याला इंग्रजी येत नव्हतं, कृष्णविवर काय ते माहीत नव्हतं, पिक्चरचा पुढचा-मागचा भाग पण त्यानं कधी पूर्ण बघितला नाही. आता सांगा, त्याला पिक्चर कळला का नाही?

म्हणून म्हणतो सर, ऊसतोडीची घरं तुमच्याकडं पण असतील, पालकांना बोलवायला अजिबात कचरू नका.

मागची पोरं हसायलती ते पण त्याच सीनला असणार, नाहीतर ती हिरोईन प्रेमाबद्दल लंबंचौडं बोलते तिथं. दुसऱ्या ठिकाणचं हसू मला मान्य आहे, तो डायलॉग मला पण जड जातो. पहिल्या ठिकाणचं हसू म्हणजे टिंगल नसते. एकोणीस वर्षांचं पोरगं, घशात आवंढा आलाय, दोन्ही बाजूला मित्र बसलेत, ते करणार काय? हसतंय. अशी पोरं शो सुटल्यावर बाथरूममध्ये तोंड धुताना सापडतात.

आणि लोक उठतात कुठं? शेवटच्या अर्ध्या तासात. हिरो कृष्णविवरात पडतो आणि पोरीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटामागं निघतो. २०१४ ला इथं दार सारखं उघडत होतं. तोवर लोकांनी सगळं सहन केलेलं असतं, पण तिथं पिक्चर स्वतःचाच नियम मोडतो असं वाटतं त्यांना, तीन तास सायन्स सायन्स आणि आता हे काय. माझं पण मत सांगतो, तिथं पिक्चर बोलतो फार. घड्याळाच्या काट्यातनं बाप पोरीला निरोप देतो एवढं दाखवून गप्प बसला असता तर आमचा दारावरचा पोरगा तिथं पण आत येऊन उभा राहिला असता. असो, ही तऱ्हा काही नवीन नाही, १९६८ मध्ये दिग्दर्शक कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा अंतराळावरचा पिक्चर लागला तेव्हा पण पहिल्या खेळांना लोक वैतागले होते आणि त्यानं रिलीज झाल्यावर १९ मिनिटं कापली होती. नंतर त्याच पिक्चरला लोक डोक्यावर घेऊन नाचले.

तसंच इकडं पण झालं. २०१४ ला ते कृष्णविवर पडद्यावर आलं तेव्हा लोक विचारायचे की ही शनीची कडी आहे का, मग वरून पण आणि खालून पण कशी दिसते. वास्तविक ती सपाट चकतीच आहे, तापलेल्या वायूची, फक्त मागच्या बाजूचा उजेड वाकून वरनं आणि खालनं आपल्याकडं येतो. थॉर्नची समीकरणं घालून कॉम्प्युटरनं ते काढलंय, काही काही फ्रेमला शंभर शंभर तास लागले. आणि गंमत बघा, खरं तर एक बाजू जास्त उजळ दिसायला पाहिजे होती, पण पब्लिक गोंधळेल म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. म्हणजे तिकडं पण कोणीतरी डोकी मोजत बसलेलं असतंच. मग १० एप्रिल २०१९ ला खऱ्या कृष्णविवराचा पहिला फोटो आला, सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, आणि २०२५ ला परत तोच सीन आला तेव्हा एकानंही शनी म्हटलं नाही.

२०२५ ची पब्लिक तयारीनं आलेली होती. यूट्यूबवर पिक्चर समजावून सांगणारे दहा दहा व्हिडिओ बघून, रील पाठ करून. त्या बिनआवाजाच्या स्फोटाला कोणी "आवाज" म्हणून ओरडलं नाही, उलट सगळ्यांना माहीत होतं की आता शांतता येणार, श्वास रोखून बसलेले. बरं वाटलं. पण त्याच वेळेला खालून चाळीस-पन्नास मोबाईल वर आले, शूटिंगला. काचेतनं मला पडद्यापेक्षा मोबाईलच जास्त दिसायले. टाळ्या पण बरोबर ठरलेल्या ठिकाणी. मला विचाराल तर २०१४ ची ती शिव्या घालणारी पब्लिक मला जवळची वाटते, त्यांना पुढं काय होणार ते खरंच माहीत नव्हतं. तुमच्या हॉलमध्ये तसली पब्लिक येणार आहे सर, तुम्हाला अंदाज नाही तुम्ही किती नशीबवान आहात ते.

तुम्ही जिंतूरचे म्हणून आणखी एक. हाच किप थॉर्न गुरुत्वलहरी पकडणाऱ्या लायगो प्रयोगाच्या संस्थापकांपैकी एक, त्यासाठी २०१७ चं नोबेल मिळालं त्याला आणखी दोघांबरोबर. आणि त्या लायगोची भारतातली वेधशाळा कुठं होणार आहे? तुमच्या शेजारी, औंढा नागनाथला. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी मंजूर केलेत. पिक्चर संपल्यावर एवढं एकच सांगा पोरांना, की हे कृष्णविवर ज्यानं काढून दिलं त्याच माणसाचं काम तुमच्या मोटारसायकलच्या टप्प्यात यायलंय. बाकी भाषण नको.

आता कामाचं. दाखवायची परवानगी रीतसर काढा, डाउनलोड केलेलं चालवू नका, कॉलेज आहे. सबटायटल चालू ठेवा, अक्षरं मोठी. साऊंडवाला लग्नाचा सेट आणणार, त्याला सांगा बास उतरव आणि एक स्पीकर पडद्याच्या मधोमध खाली ठेव, डायलॉग समोरून आले पाहिजेत. हॉलला पत्रे असतील तर आवाज घुमणार, बाजूच्या भिंतींना सतरंज्या टांगा, दिसायला बरं नाही पण कामाला येतं. ऑगस्ट आहे, जोराचा पाऊस आला तर पत्र्याखाली काहीच ऐकू येणार नाही, त्याला इलाज नाही, थांबायचं आणि पाऊस उघडला की पाच मिनिटं मागं घेऊन चालू करायचं. जनरेटर भाड्यानं घ्याच.

इंटर्व्हल बरोबर मधोमध टाकू नका. १६९ चा अर्धा केला की पंच्याऐंशी मिनिटांच्या आसपास येतं आणि ते व्हिडिओचं प्रकरण तिथंच घुटमळतं. तो सीन पूर्ण होऊ द्या, मग लाईट लावा, आणि लावताना एकदम फटकन नको, लोकांना डोळे पुसायला जरा सवड द्या. आमच्याकडं त्या इंटर्व्हलला कॅन्टीनवाला माझ्यावरच चिडलेला, म्हणाला आत काय दाखवलंस रे बाबा, गिऱ्हाईक येऊन नुसतं उभं राहतंय, समोसा घेईना. तुम्ही चहाच ठेवा.

आणि तो स्फोटाचा सीन यायच्या आधी साऊंडवाल्याच्या शेजारी जाऊन उभं राहा, शांतता झाली की त्याचा हात बटनावर जाणार म्हणजे जाणार, तो धरा. मामांना पण बोलवा, पण मागच्या लायनीत दाराजवळ बसवा, तेवढ्या शांततेत घोरणं लई लांब जातं.